बाळंतपणाचे कागद: मुंबईतल्या बायका, घरचे आणि नव्या सिस्टर नेहमी विचारतात ते प्रश्न

मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयात मी बावीस वर्षं लेबर रूमची सिस्टर होते. नोकरी संपली, फोन थांबले नाहीत. कुणाची सून बाळंतपणाला गावी निघालेली असते, कुणाला जुनी फाइल हवी असते. एखादी नवी सिस्टर रात्रपाळी उतरून लोकलमधून विचारते, "ताई, मी असं लिहिलं, बरोबर ना?" तेच ते प्रश्न येत राहतात, म्हणून उत्तरं एकदा बसून लिहून काढली. आजारावरचा सल्ला इथे मिळणार नाही, तो तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या. इथे फक्त कागदांचं आहे: ते कसे असावेत, त्यांच्यावर हक्क कोणाचा, अडलं तर कुठे जायचं.

१. केसपेपर, फाइल, डिस्चार्ज कार्ड, माता-बाल कार्ड. इतके कागद कशाला? यातला महत्त्वाचा कोणता?

केसपेपर ओपीडीचा. दर तपासणीला त्यावर लिहितात आणि तो बहुतेक ठिकाणी तुमच्याचकडे राहतो. दाखल झाल्यावर जाडजूड फाइल तयार होते, ती रुग्णालयाकडे राहते. तिची प्रत मागता येते (प्रश्न १३). घरी जाताना हातात पडतं ते डिस्चार्ज कार्ड, म्हणजे त्या फाइलचा गोषवारा. माता व बाल संरक्षण कार्ड केंद्राच्या आरोग्य आणि महिला-बालविकास या दोन मंत्रालयांनी मिळून काढलेलं आहे. गरोदरपणातल्या तपासण्या, बाळंतपण, पुढे बाळाचं वजन आणि लसी हे सगळं त्यात एका जागी येतं.

मला विचाराल तर सगळ्यात मोलाचं हे माता-बाल कार्ड, कारण ते बाईबरोबर हिंडतं. खासगी दवाखान्यात नाव घातलेल्या बऱ्याच जणींकडे ते नसतं. जवळच्या पालिकेच्या आरोग्य केंद्रात किंवा वस्तीत येणाऱ्या आरोग्य सेविकेकडे नोंद करून ते जरूर काढून घ्या. त्याच वेळी तुम्हाला बारा आकडी आरसीएच क्रमांक, म्हणजे सरकारी माता-बाल नोंदणीतला तुमचा क्रमांक, मिळतो, तो कार्डावर लिहून घ्या. पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये मिळतात, त्यालाही ही नोंद आणि वेळेत झालेली तपासणी लागते.

२. माझ्या कार्डावर "जी३ पी१ एल१ ए१" लिहिलंय. हे काय आहे?

जी म्हणजे आतापर्यंत किती वेळा दिवस गेले, आताचं धरून. पी म्हणजे किती बाळंतपणं झाली, एल म्हणजे आज हयात मुलं किती आणि ए म्हणजे किती वेळा गर्भ पडला किंवा पाडावा लागला. तुमचं हे तिसरं गरोदरपण, एक बाळंतपण झालेलं, एक मूल आहे, एकदा गर्भपात झालाय. जुळी असतील तर पी एक आणि एल दोन होतो.

या चार अक्षरांवरून लेबर रूममध्ये पुढची तयारी होते. पी एक दिसला की आम्हाला कळतं, हिच्या कळा वेगाने पुढे सरकतील, टेबल तयार ठेवा. पण आधीचं सिझर या अक्षरांत कुठेच दिसत नाही. ते वेगळं, ठळक आणि शक्यतो पहिल्या पानावर लाल शाईत लिहिलेलं असायला हवं. तुमच्या कार्डावर तसं नसेल तर पुढच्या तपासणीला लिहून घ्या.

३. शेवटची पाळी कधी आली ते नक्की आठवत नाही. अंदाजे तारीख सांगितली तर चालेल का?

चालेल, पण "अंदाजे" हा शब्द कागदावर आला पाहिजे. दबकत सांगितलेली तारीख कागदावर पडली की ती पक्की होऊन बसते आणि पुढचे सगळे आठवडे तिच्यावर मोजले जातात. हिशोब २८० दिवसांचा असतो: शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवायचे.

आठवायची एक रीत मी बायकांकडूनच शिकले. तारीख विचारली की बाई गप्प बसते. सण विचारला की लगेच सांगते. "गौरी जेवल्या त्या दिवशी मी बाजूला होते, नैवेद्य जावेने केला." झालं, कॅलेंडर काढायचं आणि गौरीपूजनाची तारीख बघायची. एकीला मंगळागौरीचं जागरण आठवलं, एकीला ऑफिसच्या दिवाळी बोनसचा दिवस. अशी सापडलेली तारीख "अंदाजे पंधरा तारखेच्या आसपास" पेक्षा कितीतरी भरवशाची. काहीच आठवत नसेल तर तसं स्पष्ट सांगा आणि पहिली सोनोग्राफी लवकर करून घ्या.

४. प्रत्येक सोनोग्राफीत बाळंतपणाची तारीख वेगळी येते. खरी कुठली धरायची?

पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीने ठरलेली. त्या दिवसांत सगळी बाळं साधारण सारख्या मापाची असतात, म्हणून वय बरोबर कळतं. नंतर प्रत्येक बाळ आपापल्या चालीने वाढतं. नंतरच्या रिपोर्टवर मशीन जी तारीख छापतं ती बाळाच्या त्या दिवसाच्या मापावरून काढलेली असते.

यात होणारी चूक नीट समजून घ्या. दर रिपोर्टनंतर कार्डावरची तारीख बदलत गेली तर खुजं राहिलेलं बाळ कागदावर "लहान वयाचं, पण ठीक" दिसतं. वाढ थांबलेली कुणाला कळतच नाही. म्हणून डॉक्टरांनी एकच तारीख ठरवून तिला गोल करावा आणि शेजारी ती कशावरून ठरली ते लिहावं: पाळीवरून की सुरुवातीच्या सोनोग्राफीवरून.

महिने आणि आठवडे यांचा घोळही असाच. घरी "सातवा लागला" म्हणतात तेव्हा सहाच महिने पुरे झालेले असतात. कागदावर आठवडे आणि दिवस असावेत. वेळेआधी कळा आल्या तर २४ ते ३४ आठवड्यांत बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून आईला डेक्सामेथासोन देतात, ६ मिलिग्रॅमची चार इंजेक्शनं, बारा बारा तासांनी. "आठवा महिना" एवढंच लिहिलं असेल तर डॉक्टरने ठरवायचं कसं?

५. माझा रक्तगट निगेटिव्ह आहे. कागदात वेगळं काही बघायचं का?

हो. रक्तगट पहिल्या पानावर हवा, नवऱ्याचाही हवा. बाळंतपणानंतर बाळाचा गट पॉझिटिव्ह निघाला तर ७२ तासांच्या आत आईला अँटी-डी हे इंजेक्शन द्यावं लागतं. ते दिल्याची तारीख, वेळ आणि मात्रा डिस्चार्ज कार्डावर आली की नाही ते घरी जाण्याआधी वाचा. पुढच्या खेपेला हेच पहिलं विचारतील. गर्भपातानंतर दिलं असेल तर त्याचाही कागद जपा.

६. आम्ही डॉक्टर नाही. कागद नीट लिहिलाय की नाही हे आम्हाला कसं कळणार?

बरंच कळतं. प्रत्येक नोंदीपुढे तारीख, वेळ आणि सही आहे का ते बघा. प्रत्येक पानावर तुमचं नाव आणि नोंदणी क्रमांक आहे का? फाइलमधून एक पान सुटलं तर ते कोणाचं, हे त्या पानावरूनच कळायला हवं. आणि जिथे आकडा हवा तिथे शब्दाने भागवलंय का? "बीपी नॉर्मल" ही नोंद नाही, "१२४/७८" ही नोंद. "रक्त कमी" म्हणजे नेमकं किती? हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की पंडुरोग धरतात आणि ७ च्या खाली तो गंभीर होतो. "कमी" या एका शब्दात दोन्ही बायका सारख्याच दिसतात.

सहा तपासण्यांत सहाही वेळा १२०/८० असेल तर माझ्या मनात शंका येते. माणसाचं बीपी इतकं सरळ रेषेत चालत नाही. तेव्हा चिडू नका, पट्टा सुटताना हळूच विचारा, "सिस्टर, आज किती आलं? लिहाल का इथे?" बहुतेक सिस्टर आनंदाने लिहितात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये माता-बाल सेवेच्या दर्जाची मानकं काढली. कळांपासून बाळंतपणानंतरच्या पहिल्या दिवसांपर्यंत प्रत्येक बाईची आणि बाळाची नोंद पूर्ण, अचूक आणि ठरल्या नमुन्यात असावी, हे त्यांत दर्जाचा एक भाग म्हणून आलेलं आहे. नीट लिहिलेला कागद मागताना तुम्ही कुणाकडे मेहेरबानी मागत नसता.

७. लेबर रूममध्ये एका तक्त्यावर ठिपके आणि फुल्या काढतात. तो कशासाठी?

तो पार्टोग्राफ. एका पानावर कळांची सगळी हकिगत: बाळाचे ठोके दर अर्ध्या तासाने, दहा मिनिटांत कळा किती आणि किती सेकंदांच्या, पिशवीचं तोंड किती सेंटिमीटर उघडलं त्याची फुली, डोकं किती खाली आलं त्याचा गोल, शिवाय आईची नाडी, बीपी आणि दिलेली औषधं. आपल्याकडे वापरात असलेल्या तक्त्यात चार सेंटिमीटरपासून नोंद सुरू होते. फुल्या सावधानतेच्या रेषेच्या उजवीकडे सरकू लागल्या की समजायचं, बाळंतपण रेंगाळतंय. तिच्यापुढे चार तासांवर दुसरी रेषा असते. तिथे पोचेपर्यंत काहीतरी ठरलेलंच हवं. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नवा तक्ता आणला. तो पाच सेंटिमीटरपासून सुरू होतो आणि त्यात या दोन रेषा नाहीत.

तक्त्याचा उपयोग कळा चालू असतानाच. बाळ जन्मल्यावर भरलेला तक्ता मी लांबून ओळखते. सगळ्या फुल्या एकाच पेनाने, एकाच दाबाने, रेषेला धरून सरळ चढलेल्या. ठोके १४०, १४०, १४०, आगगाडीच्या डब्यांसारखे. खऱ्या तक्त्यावर ठोके १३२ असतात, मग १४८, एखाद्या ठिकाणी निळ्या शाईचं काळं होतं, कारण पाळी बदललेली असते. त्यावर बेटाडिनचा एखादा डागही असतो. मला तो डागवाला तक्ता शंभरदा चालेल.

८. मी नवी स्टाफ नर्स आहे. रात्री आम्ही दोघीच, टेबलांवर तीन बायका. बाई सांभाळू की लिहीत बसू?

बाई सांभाळ. यावर दुसरं उत्तर नाही.

पण वेळ सोडू नकोस. आम्ही ट्रॉलीच्या कडेला स्टिकिंग प्लास्टरची एक पट्टी चिकटवून ठेवायचो आणि तिच्यावर पेनाने फक्त आकडे टिपायचो: "२.१० डिलिव्हरी, २.११ ऑक्सि (ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन), २.१९ वार". हात मोकळे झाले की ती पट्टी बघून फाइल लिहायची. उशिरा लिहिलंस तर तसं सांगून टाक: "घटना २.१० ची, नोंद ३.०५ ला केली." ही नोंद पूर्णपणे खरी आहे आणि कुणीही चौकशी केली तरी टिकते. २.१० लाच लिहिल्याचं भासवलेली टिकत नाही.

रक्तस्राव "मध्यम" लिहू नकोस. किती पॅड भिजले, मापाच्या पिशवीत किती मिलिलिटर जमलं, ते लिही. तुझ्यानंतर सात वाजता येणाऱ्या सिस्टरला "मध्यम" वरून काय कळणार?

वरिष्ठांसाठीही सांगते. एकच बाळंतपण फाइलमध्ये, लेबर रूम रजिस्टरमध्ये, रिपोर्ट बुकात आणि वर पोर्टलवर, असं चार ठिकाणी त्याच सिस्टरने लिहायचं आणि मग नोंदी अपुऱ्या म्हणून तिलाच मेमो द्यायचा, हे बरोबर नाही. नोंदी सुधारायच्या असतील तर आधी नकलांचं काम कमी करा, त्यासाठी माणूस द्या. २०१७ च्या अखेरीस सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या लक्ष्य कार्यक्रमात लेबर रूमचा दर्जा तपासतात, त्यात नोंदीही बघतात. तपासणीच्या आठवड्यात फाइली झळकतात. त्यानंतरच्या आठवड्यात कशा असतात, तेही कुणीतरी बघावं.

९. लिहिताना चूक झाली तर? व्हाइटनर चालतो का?

नाही. चुकलेल्या शब्दावर एकच आडवी रेघ, आधीचं वाचता येईल अशी. बाजूला बरोबर शब्द, सही, तारीख, वेळ. पान फाडायचं नाही, ओळींच्या मध्ये नंतर काही घुसवायचं नाही. उशिरा सुचलेलं कसं लिहायचं ते प्रश्न ८ मध्ये आहे.

१०. पहिलं बाळंतपण माहेरी, साताऱ्याला. तपासण्या सगळ्या मुंबईत झाल्यात. काय काय न्यायचं?

माता-बाल कार्ड, सगळ्या सोनोग्राफींचे रिपोर्ट (नुसत्या फिल्म पुरत नाहीत), रक्त-लघवीचे रिपोर्ट, चालू गोळ्यांची चिठ्ठी. आधीचं सिझर असेल तर त्याचं डिस्चार्ज कार्ड. निघण्याआधीच्या शेवटच्या तपासणीला डॉक्टरांना सांगा, "मी गावी चाललेय, अर्ध्या पानाची चिठ्ठी द्या." आजवर काय सापडलं, कशाकडे लक्ष ठेवायचं आणि ठरलेली तारीख कोणती (प्रश्न ४), एवढं त्यात पुरे.

तिथे पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात नाव घाला, कळांची वाट बघत बसू नका. ओटीभरणाच्या गडबडीत फाइल कपाटावर राहिली आणि एसटी सुटली, असं मी कितीदा ऐकलंय. फाइल सामानाच्या बॅगेत टाकू नका, हातातल्या पर्समध्ये ठेवा.

११. दवाखान्याने ऐनवेळी मोठ्या रुग्णालयात पाठवलं. तेव्हा कुठले कागद मागायचे?

एक रात्र सांगते. उपनगरातल्या एका नर्सिंग होमहून टॅक्सीतून बाई आली. आठ महिने भरलेले, वाटेत झटका येऊन गेलेला, शुद्ध नाही. नवऱ्याच्या हातात चिठ्ठी आणि तिच्यावर इंग्रजीत एकच ओळ: पुढील उपचारांसाठी मोठ्या रुग्णालयात पाठवत आहोत. बीपी किती होतं, झटका किती वाजता आला, मॅग्नेशियम सल्फेट दिलं की नाही, काहीच नाही. ते औषध पहिल्या मात्रेत ४ ग्रॅम शिरेतून आणि दोन्ही कुल्ल्यांत मिळून १० ग्रॅम देतात. दिलेलं नसेल तर पुन्हा झटका यायची भीती, आणि दिलेलं असून आम्ही परत दिलं तर श्वास मंदावायचा. कपडे बदलताना मला तिच्या दोन्ही कुल्ल्यांवर टेपने चिकटवलेला कापूस दिसला. त्यावरून अंदाज बांधला, डॉक्टरांनी गुडघ्यावर हलकं ठोकून पाय उडतो का ते तपासलं, तिकडे फोन लावत राहिलो. वीस मिनिटांनी कुणीतरी उचलला. बाई वाचली, बाळही वाचलं. पण तिच्या उपचारांची माहिती चिठ्ठीवर असायला हवी होती, ती आम्ही कापसाच्या बोळ्यावरून वाचली.

म्हणून गाडीत बसण्याआधी विचारा: कशासाठी पाठवताय, शेवटचं बीपी आणि बाळाचे ठोके किती, कुठलं औषध किती वाजता किती दिलं? हे चिठ्ठीवर लिहून घ्या. घाई असेल तर तिथल्या फाइलचे आणि पार्टोग्राफचे मोबाइलने फोटो काढा. १०८ ची गाडी मिळाली तर त्यांच्या डॉक्टरलाही तेच दाखवा. कागदासाठी बाईला थांबवू नका. एकाने तिच्याबरोबर निघावं, दुसऱ्याने मागे थांबून कागद आणावेत.

१२. डिस्चार्ज कार्डावर काय असायलाच हवं?

दाखल झाल्याची, बाळंतपणाची आणि घरी सोडल्याची तारीख-वेळ. नॉर्मल की सिझर, आणि सिझर असेल तर कशासाठी. "सिझर केलं" एवढंच लिहिलं असेल तर पुढच्या खेपेला डॉक्टर अडतो: पिशवीवर छेद आडवा होता की उभा, बाळ आडवं होतं म्हणून की ठोके बिघडले म्हणून? रक्त गेलं असेल तर किती, रक्त चढवलं तर किती पिशव्या. बाळाचं वजन, पहिल्या आणि पाचव्या मिनिटाचा अपगार (बाळाचा रंग, ठोके, श्वास वगैरे बघून दिलेले गुण), दिलेल्या लसी. जाताना आईचं बीपी आणि हिमोग्लोबिन. तांबी बसवली असेल तर ते ठळक हवं. तांबी बसवलीय हे बाईलाच माहीत नाही, असंही मी पाहिलंय.

कार्ड हातात आल्यावर लिफ्टमध्ये वाचू नका, वॉर्डात उभं राहून वाचा. चूक तिथे पाच मिनिटांत सुधारते, नंतर तिच्यासाठी अर्ज करावा लागतो.

१३. फाइलची प्रत मागितली तर "नियमात नाही" म्हणतात. आमचा हक्क आहे का?

आहे. डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णाने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने नोंदी मागितल्या की ७२ तासांत द्याव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयानेही १९९६ मध्येच केसपेपरच्या प्रती नाकारता येत नाहीत असं सांगितलं आहे. मूळ फाइल रुग्णालयाकडे राहील, तुम्हाला झेरॉक्सचा खर्च द्यावा लागेल.

तोंडी मागून दमू नका. साध्या कागदावर अर्ज लिहा: नाव, नोंदणी क्रमांक, दाखल व डिस्चार्जची तारीख, कोणते कागद हवेत. दोन प्रती काढा आणि तुमच्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का-तारीख घ्या. ७२ तासांची मोजणी त्या शिक्क्यापासून करा. केईएम, सायन, नायर अशा मोठ्या रुग्णालयांत रेकॉर्ड विभाग वेगळा असतो, वॉर्डात हुज्जत घालण्यापेक्षा थेट तिकडे जा. तरी मिळालं नाही तर सार्वजनिक रुग्णालयासाठी माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो. खासगी नर्सिंग होम असेल तर पालिकेच्या विभाग कार्यालयातल्या आरोग्य अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा, नर्सिंग होमची नोंदणी त्यांच्याकडेच असते. डॉक्टरविरुद्ध महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडेही जाता येतं.

१४. बिल भरायचं राहिलंय किंवा डॉक्टरांच्या मर्जीविरुद्ध घरी नेतोय. तरी कागद मिळतील का?

मिळायला हवेत. बिलाचा वाद वेगळा, त्यासाठी बाईला किंवा कागदांना अडवून ठेवता येत नाही. मर्जीविरुद्ध नेताना तुमची सही घेतात, ते ठीक आहे. पण त्या बाईलाही आजवरच्या उपचारांचा गोषवारा लागतो, उलट तिला जास्तच लागतो. अर्जाची रीत प्रश्न १३ मध्ये आहे.

१५. पाच वर्षांपूर्वीच्या सिझरची फाइल आता मिळेल का?

मागून बघा, भरवसा धरू नका. वर सांगितलेल्या नियमांप्रमाणे दाखल रुग्णाची नोंद उपचार सुरू झाल्यापासून किमान तीन वर्षं ठेवणं बंधनकारक आहे. पुष्कळ ठिकाणी जास्त ठेवतात. कोर्टाचं प्रकरण असेल तर ठेवतातच. पण मुंबईत कागदाला दमट हवा आणि तळमजला हे दोन वैरी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या पाण्यात काय काय वाहून गेलं ते मुंबईकराला सांगायला नको. म्हणून प्रत तेव्हाच घेऊन ठेवायची. फाइल मिळालीच नाही तर जन्मनोंद, जुनी औषधं आणि पोटावरचा व्रण यांवरून डॉक्टर जमेल तेवढं जुळवतात. पण पिशवीवरचा छेद पोटावरच्या व्रणावरून कळत नाही.

१६. आधारवर माहेरचं नाव, रुग्णालयात सासरचं. चालेल का?

उपचार कुणी थांबवणार नाही, पण पुढे त्रास होतो. पहिल्या महिन्यातली तपासणी एका नावाने, बाळंतपण दुसऱ्या नावाने, म्हणजे कागदावर दोन बायका होतात. लग्नानंतर पहिलं नावही बदललेलं असेल तर विचारूच नका. नाव घालतानाच एक नाव ठरवा, शक्यतो आधारवरचं, आणि दुसरं असेल तर "उर्फ" लावून लिहून घ्या. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम महाराष्ट्रात ठरला आहे. आईचं नाव रुग्णालयात चुकलं तर ती चूक थेट बाळाच्या नावात उतरते.

१७. बाळाचं नाव बारशापर्यंत ठरणार नाही. मग जन्मदाखल्याचं काय?

जन्माची नोंद नावावाचून होते. १९६९ च्या कायद्याप्रमाणे ती २१ दिवसांत व्हावी लागते आणि रुग्णालयात जन्म झाला तर कळवायची जबाबदारी रुग्णालयाची. नाव पहिल्या वर्षात फुकट घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. नोंद जिथे जन्म झाला त्या विभागात होते: राहता घाटकोपरला आणि बाळंत झालात परळला, तर एफ दक्षिण विभाग. फॉर्मवरची स्पेलिंगं स्वतः तपासून मगच सही करा. १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत हाच दाखला लागणार आहे.

१८. माझा आधीचा गर्भपात सासरी माहीत नाही. डॉक्टरांना सांगितलं तर कार्डावर येईल ना?

हा प्रश्न बायका दार लोटून विचारतात. डॉक्टरांना सांगा, लपवू नका. तुमच्या जिवाशी त्याचा संबंध आहे. पण कुठे लिहायचं यावर बोलता येतं. घरभर फिरणाऱ्या कार्डावर न लिहिता रुग्णालयाच्या फाइलमध्ये लिहा, अशी विनंती करा आणि तपासणीच्या वेळी सासूबाईंना बाहेर बसवा. कायदेशीर गर्भपात करून घेणाऱ्या बाईचं नाव उघड करणं २०२१ च्या दुरुस्तीनंतर शिक्षेला पात्र गुन्हा आहे. एचआयव्हीबाबत २०१७ चा कायदा असंच संरक्षण देतो. उपचार करणाऱ्यांना गरजेपुरतं कळेल, नातेवाइकांना तुमच्या संमतीशिवाय नाही. फाइलच्या बाहेर लाल अक्षरांत तसं लिहिणं किंवा खाटेवर पाटी लावणं चूक आहे. दिसलं तर मेट्रनकडे तक्रार करा.

१९. मुलगी सतरा वर्षांची आहे. वय अठरा लिहून घेतलं तर?

लिहू नका. अठराच्या आत गरोदर मुलगी आली की रुग्णालयाला पोक्सो कायद्याखाली पोलिसांना कळवावंच लागतं, याची भीती मला समजते. पण खोट्या वयामुळे डॉक्टर तिला धडधाकट बाई समजून वागवतात, आणि कोवळ्या शरीराला धोके जास्त असतात. तिला गर्भपात करायचा असेल तर तिचं नाव आणि ओळख पोलिसांना न सांगण्याची विनंती करता येते, सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तसं म्हटलं आहे.

२०. आमचं बाळ पोटातच गेलं. आता कागद घेऊन काय करू?

आत्ता काही करू नका. घरातल्या कुणाला तरी फाइलची प्रत, वार किंवा बाळाची तपासणी झाली असेल तर तिचा रिपोर्ट आणि मृतजन्माच्या नोंदीचा तपशील घेऊ द्या. मृतजन्माची नोंद वेगळ्या फॉर्मवर होते. पुढच्या वेळी दिवस राहतील तेव्हा डॉक्टर कारणापासूनच सुरुवात करतील. "कारण: अज्ञात" लिहिलं असेल तर कोणत्या तपासण्या झाल्या आणि कोणत्या नाही, तेवढं तरी कागदावर मागा.

२१. सोनोग्राफीच्या आधी एवढा मोठा फॉर्म का भरून घेतात?

तो एफ फॉर्म. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४ च्या कायद्याखाली प्रत्येक गरोदर बाईसाठी तो लागतो आणि सोनोग्राफी केंद्राला दोन वर्षं जपावा लागतो. सहीच्या आधी वाचा, मुलांची संख्या आणि पत्ता बरोबर लिहा.

२२. सगळे कागद मोबाइलमध्ये ठेवले तर चालेल का? लॅमिनेशन करू का?

फोटो ठेवाच. प्रत्येक पान सरळ, उजेडात, पूर्ण, आणि नवऱ्याच्या किंवा आईच्या फोनमध्येही. आभा क्रमांक (सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा, चौदा आकडी असतो) काढला असेल तर कार्डावर लिहा. पण अजून पुष्कळ ठिकाणी कागदच बघतात. फोन कळांच्या वेळी बंद पडतो किंवा लॉक असतो.

लॅमिनेशन करू नका, पुढे त्यावर लिहिता येत नाही. बाळाच्या ठोक्यांची पट्टी आणि सोनोग्राफीच्या छोट्या प्रिंट उष्णतेने छापणाऱ्या कागदावर असतात. वर्ष-दोन वर्षांत त्या कोऱ्या होतात आणि लॅमिनेशनच्या उष्णतेने तर जागीच काळ्या पडतात. त्यांची आधी झेरॉक्स काढा. बाकीचे कागद तारखेप्रमाणे लावून चेन असलेल्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा, पावसाळ्यात ते पाकीट भिंतीला टेकलेल्या कपाटात ठेवू नका आणि आठव्या महिन्यापासून दाराजवळ टांगून ठेवा.